रेडिओचं बिऱ्हाड

ज्या माणसाला अख्खं गाव ‘रेडिओ’ म्हणायचं, तो सकाळपासून बायकोशेजारी गाडीत बसला होता आणि त्याच्या तोंडून ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही निघालं नव्हतं. त्यातलं ‘बरं’ तर पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या वाट्याला गेलं होतं.

गाडी बायको चालवत होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, कारण उभा जन्म तिने गावातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. एवढंच काय, नवराही तिला सिस्टरच म्हणायचा, आणि नव्या माणसाची त्यावरून जी तारांबळ उडायची ती बघायला त्याला भारी आवडायचं. त्याचं सलून दवाखान्याच्याच रस्त्यावर होतं. कोणाला काय झालंय हे सिस्टर घरी कधी सांगायची नाही, आणि तरीही ते रेडिओला तिच्याआधी कळलेलं असायचं. हातात कात्री आली की त्याची जीभ सुटायची. कोणाच्या मुलीचं जमतंय, कोणाच्या भावाभावांत बोलणं बंद आहे, कोणी नवी सायकल घेऊन ती पहिल्याच दिवशी गटारात घातली, सगळं त्याच्याकडे. माणूस डोकं हलकं करायला यायचा आणि कान भरून परत जायचा.

तो रेडिओ आता बंद होता. गेले तीन आठवडे.

मोठं सामान ट्रकने पुढे गेलं होतं. राहिली होती ती सलूनची लोखंडी खुर्ची. ट्रकवाल्याने तिला हात लावायला साफ नकार दिला. तिच्या पोटातलं, वरखाली करायच्या पंपाचं तेल गळायचं, आडवी केली तर सगळंच बाहेर येईल आणि गाद्यांची वाट लागेल, असं त्याचं म्हणणं. रेडिओ मात्र खुर्चीशिवाय हलायला तयार नव्हता. शेवटी गाडीला एक छोटा ट्रेलर जोडला, त्यावर खुर्ची उभी केली, तिला जुनी रजई पांघरली आणि चारी बाजूंनी दोऱ्या आवळल्या. लग्नाघरी रुसून बसलेल्या आत्येसारखी ती रस्त्याकडे पाठ करून बसली होती. ट्रेलर लावला की मोठ्या रस्त्यावर जायची सोय नाही, म्हणून हा जुना, वळणावळणाचा रस्ता धरावा लागला: आधी नदीकाठाने, मग माळावरून, मग डोंगर चढून पलीकडे, जिथे तळं होतं आणि तळ्याकाठी नवं घर.

सिस्टरला या प्रवासात एकच गोष्ट हवी होती. घाटमाथा यायच्या आत या माणसाने खरं काय ते सांगावं, त्याला यायचंय की नाही. नाही म्हणाला, तर माथ्यावरून गाडी वळवायची, नव्या हॉस्पिटलला फोन करून हात जोडायचे आणि आल्या वाटेने परत जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. अर्थात त्याला यातलं काही बोलली नव्हती. तीन आठवडे जो माणूस हूं की चूं करत नाही, त्याच्याशी बोलायला सुरुवात तरी कुठून करायची?

तळ्याकाठच्या त्या छोट्या हॉस्पिटलातून तिला मुख्य नर्स म्हणून बोलावणं यायची ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा आलं तेव्हा मुलगी लहान होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुसऱ्यांदा आलं तेव्हा रेडिओने नुकतंच सलून मोठं केलं होतं, भिंतभर आरसे लावले होते. दोन्ही वेळेला तिने स्वतःच नाही कळवून टाकलं आणि घरी त्याची वाच्यताही केली नाही. आता मुलगी सासरी सुखात होती, सासूबाई जाऊनही बराच काळ लोटला होता, आणि सिस्टरची निवृत्ती उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. या खेपेला तिने जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं. रेडिओचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, “घे.”

एवढंच. जो माणूस एका दाढीत तीन लग्नं आणि एक भांडण सांगून संपवायचा, त्याने एका अक्षरात विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी त्याने सलून आपल्या जुन्या कारागिराच्या हवाली केलं आणि संध्याकाळी कात्र्यांची पेटी काखेत मारून घरी आला. सिस्टरनेही मग पदर खोचून बांधाबांध काढली. नर्सची शिस्त, फुटणाऱ्या वस्तू सगळ्यांत आधी: पॅसेजमधला आरसा, काचेच्या बरण्या, सासूबाईंच्या वेळचे कप. त्या आठवड्यापासून रेडिओ जो मिटला तो मिटलाच. तिने ओळखलं, दुकान सुटलं ते याच्या जिवाला लागलंय.

आणि हे ओळखल्यापासून तिला स्वतःची लाज वाटत होती, कारण या माणसाने तिच्यासाठी काय नव्हतं केलं? तिची रात्रपाळी असली की सकाळी मुलीची वेणी तो घालायचा, आणि ती शाळेतल्या कुठल्याही पोरीच्या वेणीपेक्षा सरळ असायची. पाळीवरून येऊन ती झोपली की कोणी उठवू नये म्हणून त्याने दारावरची घंटा काढून ठेवली होती; ती पुन्हा कधी लागलीच नाही, पाहुणे आपले दार ठोठावायचे. सुट्टीच्या दिवशी तो पेटी घेऊन वॉर्डात यायचा आणि ज्यांना उठता येत नाही त्यांचे केस खाटेवरच कापायचा. त्याच्या बडबडीने एखादा पेशंट हसून हसून टाके दुखताहेत म्हणून तक्रार करायचा, आणि सिस्टर रेडिओवर डोळे वटारायची. सकाळी पॅसेजमध्ये ती केस विंचरत असली की हा चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचा, आणि संसारातलं जे काही ठरलं ते तिथेच ठरलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं. हे तिला माहीत होतं, आणि त्याच नवऱ्याला आपण मुळासकट उपटून घेऊन चाललोय, हेही.

त्यात आणखी एक गोष्ट तिच्या मनाला खात होती. हॉस्पिटलच्या हेडक्लार्कने फोनवर विचारलं होतं, क्वार्टर एकट्याचं हवं की कुटुंबाचं? एकट्याचं म्हणजे एक खोली आणि ओटा, कुटुंबाचं म्हणजे तळ्याच्या बाजूचं बैठं घर. सरळ ‘कुटुंबाचं’ म्हणायचं सोडून ती ‘कळवते’ म्हणाली होती. चार दिवस राहून हा परत आपल्या सलूनकडे गेला तर, असं तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं. नंतर त्या ‘कळवते’ची तिला इतकी लाज वाटली की दुरुस्त करायला फोन करायचंही धाडस झालं नाही.

नदीकाठचा रस्ता सुंदर होता. पलीकडच्या काठावर उंच गवत, मधेच एखादी होडी उलटी घालून ठेवलेली, पाण्यावर ऊन. खुर्ची बघून लोक हात हलवत होते. एका वळणावर समोरून येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने काचेतून डोकं काढून विचारलं, नंबर लागेल का हो. एरवी रेडिओने त्याला असा टोला दिला असता की तो पुढच्या गावापर्यंत हसत गेला असता. आज त्याने नुसता हात वर केला. दुपारी मुलीचा फोन आला. तिने आईला हळूच विचारलं, बाबा काही बोलतात का. सिस्टर म्हणाली, देखावा बघताहेत.

रात्रीच्या मुक्कामाचं लॉज स्वच्छ होतं पण आखूड. खाटा आखूड, टॉवेल आखूड, गरम पाणीसुद्धा आखूडच. मालकीणबाईंनी खुर्ची अंगणात नीट उभी करायला जागा दिली आणि सकाळी चहा देताना म्हणाल्या की तुमचे मिस्टर पहाटे उठून तिच्यावरचं दव पुसत होते. सिस्टरने मान डोलावली. खोलीत आरसा नव्हता, तिने अंदाजानेच वेणी घातली. रेडिओ दारात चहाचा कप घेऊन थोडा वेळ उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माळ लागला. एवढं मोकळं आभाळ तिने कधी बघितलं नव्हतं. ढगांच्या सावल्या जमिनीवरून चालत जात होत्या, लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. शेवटी माळ संपून डोंगराची निळी भिंत दिसायला लागली तिथे एक चहाची टपरी होती. तिने गाडी थांबवली. हा शेवटचा थांबा, इथून चढ सुरू.

टपरीवर एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. दाढी छातीपर्यंत आलेली, तीत गवताच्या काड्या. तो उठला, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, रजईचा कोपरा उचलून आतलं चामडं अंगठ्याने दाबून बघितलं, आणि रेडिओजवळ येऊन आदबीने म्हणाला, “दाढी करून द्याल का? खूप दिवस झाले, कोणी भेटलं नाही.”

सिस्टरच्या मनात आशा जागी झाली. रेडिओ गिऱ्हाइकाला नाही म्हणाल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या तेराव्याला—नाही, त्याही आधी, त्यांना पोचवून आल्यावर संध्याकाळीच दारात एक नवरदेव येऊन उभा राहिला होता, आणि रेडिओने डोळे पुसून त्याचे केस कापले होते, उद्याच्या लग्नाला असा जाशील का म्हणत. पेटी तर पायाशीच होती. नुसती दोरी सोडायचा अवकाश.

रेडिओने म्हाताऱ्याच्या दाढीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, “दुकान बंद आहे, बाबा.”

म्हाताऱ्याने वाईट वाटून घेतलं नाही. होतं असं, म्हणाला आणि मेंढ्यांकडे गेला. सिस्टरने मात्र चहा अर्धाच ठेवून दिला. दुकान बंद आहे. म्हणजे तिला जे कळायचं होतं ते कळलं. आता विचारायचं राहिलं तरी काय?

पैसे देऊन ती गाडीकडे आली तर रेडिओ मागचं दार उघडून मागच्या सीटवर भरलेली वळकटी ओढत होता. तिने विचारलं काय करताय, तर म्हणाला, “हं.” वळकटी त्याने पुढच्या सीटवर, स्वतःच्या जागेवर आणून बसवली. पट्टा लावल्याशिवाय गाडी टिकटिक थांबवेना, म्हणून वळकटीला पट्टाही लावला. आणि स्वतः मागे, तिच्या पाठीमागे, उशा आणि पातेल्यांच्या मधल्या फटीत अंग चोरून बसला.

सिस्टरने गाडी सुरू केली. शेजारी गादी, मागे नवरा. शेजारी बसायलाही नको झालं याला, तिच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले. रडून भागणार नव्हतं, चढ अरुंद होता आणि ट्रेलर मागे ओढत होता. तिने गिअर टाकला आणि ठरवलं: माथ्यावर मोकळी जागा असेल तिथे वळायचं. त्याला म्हणायचं, अहो, मला करमणार नाही तिकडे, चला घरी. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. त्याला कळूही द्यायचं नाही की त्याच्यासाठी वळतोय. आयुष्यभर या माणसाने आपल्या झोपेसाठी घंटा काढून ठेवली, आपण एक घाट परत उतरू शकत नाही का? हा विचार मनात आल्यावर तिला जरा बरंच वाटलं. आपल्याला काहीतरी परत देता येतंय, असं वाटलं.

दोन वळणं गेली. झाडं दाट झाली, रस्त्यावर सावली आली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“मान सरळ ठेव.”

तिची मान आपोआप सरळ झाली. तिने वरच्या छोट्या आरशात बघितलं. आरशात रेडिओचे डोळे होते, आणि ते थेट तिच्या डोळ्यांत बघत होते.

“तू दोनदा नाही म्हणालीस,” तो म्हणाला. “या नोकरीला. एकदा आईसाठी, एकदा माझ्या दुकानासाठी. तुला वाटलं मला पत्ता नाही. दवाखान्याचा शिपाई माझ्याकडेच यायचा गं केस कापायला. दोन्ही वेळेला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला.”

सिस्टरचा हात गिअरवर तसाच राहिला.

“मला तुझे आभार मानायचे होते. रोज वाटायचं, सकाळी सांगू. सकाळी तू घाईत. मग वाटायचं, उद्या सांगू. अशी सगळी वर्षं गेली. यावेळेला तू जेवताना सांगितलंस तेव्हा मी ठरवलं, आता नाही टाळायचं, दुकानाची सोय लावली की दुसऱ्याच सकाळी चहा घेऊन उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. सकाळी कप घेऊन पॅसेजमध्ये येतो तर आरसा गायब. नुसता खिळा.”

“मी बांधला तो,” सिस्टर म्हणाली. “फुटेल म्हणून.”

“हो. मग बोलू कुठे?”

तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि असं कळलं की तिने कपाळावर हात मारून घेतला असता, पण दोन्ही हात चाकावर होते. उभा जन्म ज्याने माणसाच्या मागे उभं राहून काढला, ज्याला माणसाचा चेहरा आरशातच भेटला, त्याला समोरासमोर बसून मनातलं बोलायला कसं जमावं? मुलीला कोणत्या घरी द्यायचं, सासूबाईंना घरीच ठेवायचं की नाही, तिच्यावरचं स्वतःचं प्रेम, जे त्याने आयुष्यात एकदाच आणि फार चाचरत सांगितलं होतं, सगळं त्या पॅसेजमधल्या आरशात. एवढी वर्षं संसार केला, अख्ख्या गावाची नाडी तिला कळायची, आणि नवऱ्याचा आरसा काढून तिने तो पहिल्या खोक्यात घातला, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत. आणि दुकान, दुकान म्हणून स्वतःलाच दोष देत बसली.

“अहो, पण मग गाडीत काल दिवसभर?”

“तुझ्या शेजारी बसून? तुझ्या कानाशी बोलायचं का?” तो म्हणाला. “आज टपरीवर लक्षात आलं की मागे बसलो तर आरसा आहे.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. चढावर थांबता येत नव्हतं, मागे खुर्ची होती. मागून खांद्यावरून एक पांढरा नॅपकिन पुढे आला, इस्त्रीचा, तुरटीचा वास असलेला. तिने एका हाताने डोळे पुसले. मान सरळ ठेव, तो पुन्हा म्हणाला, दरी आहे.

“त्या म्हाताऱ्याला का नाही म्हणालात?” तिने विचारलं.

एक पूल गेला, त्याखालून पांढरं पाणी उड्या मारत गेलं.

“काय बोललो असतो त्याच्याशी?” तो म्हणाला. “माझ्या सगळ्या गप्पा आपल्या गावच्या. त्याला काय सांगू, चौकातल्या शिंप्याचा धाकटा घरजावई झाला? त्याला ना शिंपी माहीत, ना चौक. जसजसं गाव मागे पडतंय तसतसं माझ्याजवळचं सगळं बिनकामाचं होतंय, सिस्टर. आणि वस्तरा हातात घेऊन गप्प बसलो तर गिऱ्हाईक घाबरतं.”

एरवी ती या वाक्यावर पोट धरून हसली असती. आता तिला त्याच्या आवाजातला कंप ऐकू आला. जो प्रश्न ती दोन दिवस गिळत होती, तो आपोआप बाहेर आला.

“तुम्हाला यायचंय का? खरं सांगा. नको असेल तर मी वर गाडी वळवते. माझी शपथ आहे, मला त्याचं काही वाटणार नाही.”

आरशातले डोळे तिच्यावरून हलले नाहीत.

“भीती वाटते,” रेडिओ म्हणाला. “पण यायचंय. भीती वाटते म्हणजे यायचं नसतं असं कोणी सांगितलं तुला? तुझ्याशी लग्न करतानाही वाटली होती. तू दोनदा माझ्यासाठी थांबलीस. मला एकदा तरी तुझ्या मागे मागे येऊ दे.”

सिस्टरने मग तिच्या मनातलं सांगितलं. घंटेचं सांगितलं, मुलीच्या वेण्यांचं सांगितलं, वॉर्डातल्या त्या सुट्टीच्या दिवसांचं सांगितलं, की एकेक आजारी माणूस त्याच्या हाताखालून माणसात येताना बघून ती औषधांच्या कपाटामागे जाऊन डोळे पुसायची. तुम्ही होतात म्हणून मी नोकरी करू शकले, असं तिने सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. रेडिओ ऐकत होता. त्याला असं कोणी ऐकवलेलं नव्हतं, तो आयुष्यभर ऐकवणारा. त्याचे कान लाल झालेले तिला आरशात दिसले.

एकच गोष्ट तिला सांगायची राहिली, ती क्वार्टरची. सांगावी की नको, या विचारात असतानाच झाडं एकदम संपली, रस्ता सपाट झाला आणि माथा आला. समोर, खूप खाली, तळं पसरलं होतं. एवढं मोठं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. काठाला लागून काही कौलारू छपरं, एक पांढरी लांबट इमारत, आणि पाण्यावरून येणारं गार वारं. तिने गाडी कडेला, सपाटीवर उभी केली. इथेच वळणार होतो की आपण, तिला आठवलं, आणि अंगावर काटा आला.

फोनला रेंज आली असावी, कारण तो लगेच वाजला. गाडीतला फोन स्पीकरवरच होता, घाटात हात मोकळे हवेत म्हणून. नव्या हॉस्पिटलचा हेडक्लार्क बोलत होता. कुठपर्यंत आलात, रस्ता कसा आहे, असं सगळं विचारून तो म्हणाला, “सिस्टर, मागे तुम्ही कळवते म्हणाला होतात, ते राहिलंच. आज चाव्या द्यायच्यात. क्वार्टर एकट्याचं देऊ की कुटुंबाचं?”

तिने वर बघितलं. आरशात रेडिओच्या भुवया आधी वर गेल्या, मग हळूहळू खाली आल्या. त्याला सगळं कळलं होतं. एवढ्याशा वाक्यातून अख्खी गोष्ट काढण्यात त्याची हयात गेली होती.

“मलाही भीती वाटली होती,” ती अगदी हळू म्हणाली, फोनला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

“हॅलो?” हेडक्लार्क म्हणाला. “आवाज येतोय का? एकट्याचं की कुटुंबाचं?”

मागच्या सीटवर पातेल्यांचा खडखडाट झाला. रेडिओ उशा बाजूला सारून पुढे वाकला, दोन सीटच्या मधून डोकं काढलं आणि फोनच्या दिशेने म्हणाला, “कुटुंबाचं.”

“आपण कोण बोलताय?”

“मी कुटुंब,” रेडिओ म्हणाला.

पलीकडे हेडक्लार्क खो खो हसला. चांगला मोकळा हसणारा माणूस निघाला. रेडिओच्या तोंडावर काहीतरी हललं. सिस्टरने ते आरशात नव्हे, मान वळवून, अगदी जवळून बघितलं. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, “साहेब, तुमच्याकडे केस कोण कापतं?”

काही विचारू नका, हेडक्लार्क म्हणाला. एक जण आहे पलीकडच्या काठावर, पण त्याची होडीवाल्याशी जुनी खुन्नस, त्यामुळे होडीवाला त्याला आणत नाही, आणि डॉक्टरसाहेब स्वतःचे केस स्वतः कापतात, ते तुम्ही याल तेव्हा दिसेलच. रेडिओ म्हणाला, खुन्नस कशावरून? हेडक्लार्क म्हणाला, ते मोठं लांबलचक आहे. रेडिओ म्हणाला, आम्हाला आता फक्त उतरायचंय, वेळच वेळ आहे, तुम्ही सांगा.

सिस्टरने गाडी सुरू केली आणि उताराला लावली. खाली तळं उन्हात चमकत होतं, मागे खुर्ची दोऱ्यांत करकरत होती, आणि दोन सीटच्या मधे अडकलेलं नवऱ्याचं डोकं होडीवाल्याच्या मेहुण्यापर्यंत जाऊन पोचलं होतं. तीन आठवडे ती एका शब्दासाठी आसुसली होती, आणि आता तिला स्वतःचा एक शब्द घुसवायला फट सापडत नव्हती. पुढे कुठल्या वळणावर डावीकडे जायचं ते विचारायचं होतं, तेही राहिलं. तिने रस्ता आपला आपणच शोधला.